रेशमी घुमट, धातूचा घुमट आणि सासूबाईंचा ‘स’

३ जून

प्रिय साडूभाऊ,

नमस्कार. फोन सोडून हा माणूस पत्रं कसली लिहितो, असं तुम्ही धाकटीला विचाराल आणि दोघं मिळून हसाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. आपल्या घरांतल्या जुन्या फोनमधून माणसाचा आवाज जातो, पण वरची साय काढून जातो. सेकंदाला साडेतीन हजार कंपनांच्या वरचं सगळं तिथं छाटतात. मला साय काढलेला माणूस ऐकायचा नाही, आणि माझी साय मी कुणाला काढू देणार नाही.

आता मुद्दा. पाणीपुरवठा खात्यात आयुष्यभर नळांचे नकाशे काढले, निवृत्त झालो आणि हातात करवत घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. स्पीकरच्या दोन्ही पेट्या तयार झाल्या. कमरेएवढ्या उंच आहेत आणि बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या जागी उभ्या आहेत. सोफा व्हरांड्यात गेला. आमची ही, म्हणजे तुमच्या ताई, पेट्यांना ‘आपले दोन दिवटे चिरंजीव’ म्हणतात. म्हणू देत. खालचा वूफर, म्हणजे जाडा आवाज काढणारा, मी बसवला. वरचं भोक रिकामं आहे. तिथं बारीक आवाज काढणारा ट्वीटर यायचा. बाटलीच्या बुचाएवढा घुमट असतो त्याला, पण सगळी गोम त्या घुमटात. तो रेशमाचा घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमचा, यावरून जग दुभंगलंय. आमच्या कानसेन मंडळात चार सभासद आहेत आणि पाच मतं.

ट्वीटर पारखायला पाठ असलेला आवाज लागतो. गाण्यांचा भरवसा नाही, कारण गायक खोलीत मुळात काय गायला ते आपल्यापैकी कुणी ऐकलंय? मला असा ‘स’ हवा जो मी झोपेतही ओळखेन. तो एकच आहे, आपल्या सासूबाईंचा. त्यांनी शाळेत उच्चार शिकवण्यात हयात घालवली. चोरातला ‘च’ वेगळा आणि चहातला वेगळा, हे मला त्यांनी भर पंगतीत शिकवलं. माझं लग्न ठरवायला बसलो तेव्हा त्या मला उद्देशून पहिलं वाक्य काय बोलल्या? “जावईबापू, शंभर म्हणा. संभर नव्हे.”

तुम्ही त्यांच्याच गल्लीत राहता. तेव्हा कृपा करून त्यांचं ते वर्गातलं वाक्य रेकॉर्ड करा आणि मेमरी कार्ड टपालानं धाडा: “सुस्त ससा सावलीत बसून सरळ शेंगा सोलतो.” रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा आणि तुम्ही खोलीबाहेर थांबा. तुम्ही श्वास फार मोठ्यानं घेता.

तुमचा थोरला साडू

१२ जून

साडूभाऊ,

तुम्हाला नमस्कार, दिवट्यांना आशीर्वाद.

कार्ड सोबत आहे. पंखा बंद केला, मी बाहेर गेलो आणि श्वास गल्लीत जाऊन घेतला. आई नाही-नाही म्हणत होत्या, पण “थोरल्या जावयांना हवंय” म्हटल्यावर बसल्या.

इकडची बातमी अशी की आईंना नवी कवळी केली. तुमच्या पेट्यांसारखीच घरची निर्मिती. दातांच्या डॉक्टरांसाठी मी आजवर ढिगानं कवळ्या केल्या, पण या कामात जीव ओतला. काय दात बसलेत म्हणून सांगू! फोटो दुकानाच्या काचेत लावलाय, येणारा-जाणारा थांबून बघतो. आईंची नजर मात्र आरशापेक्षा दुसरीकडेच आहे. इथं अंध वाचकांसाठी पुस्तकं आवाजात भरून ठेवणारं ग्रंथालय आहे ना, तिथून त्यांना बोलावणं आलंय. ऑगस्टमध्ये आवाजाची चाचणी आहे. “मला परत वर्ग मिळाला,” असं दोनदा म्हणाल्या. शाळा सुटल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. सध्या बोलतात मात्र कमी. नव्या दातांची सवय व्हायला वेळ लागतोच.

आता तुमचा घुमट. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, पण माझं ऐका आणि रेशमाचाच घ्या. धातूचा मुळीच नको. धातू थंडीत आकसतो. शिवाय रेशीम कसं, शालीन असतं. झाकून घेतं. खरंच सांगतो, रेशमाचाच घ्या.

धाकटा साडू

४ जुलै

प्रिय साडूभाऊ,

साडूनं सांगितलं आणि साडूनं ऐकलं, असं कुठं झालंय? मी अ‍ॅल्युमिनियमचा घेतला. आता पस्तावलोय, पण हे वाक्य तुम्ही धाकटीला वाचून दाखवू नका.

ट्वीटर बसवला, तारा जोडल्या, कानसेन मंडळाला बोलावलं, दिवे मंद केले आणि आईंचं कार्ड लावलं. आवाज असा उमटला की आई पेट्यांच्या मधोमध उभ्या आहेत असं वाटावं. पदराची सळसळसुद्धा ऐकू आली. आणि मग आला ‘स’. प्रत्येक ‘स’च्या शेपटीला एक शिट्टी! सुस्तला दोन, सशाला दोन, सोलण्याला एक. किटली उकळतेय की काय म्हणून ही स्वयंपाकघरात बघून आली.

मंडळात रण माजलं. औषधवाले म्हणाले, घुमट झंकारतोय, धातूचा स्वभावच तो. घड्याळजी म्हणाले, तारा उलट्या जोडल्यात. मी सुलट्या केल्या. मग म्हणाले, आता उलट्या झाल्या. निवृत्त मोजणीदारांनी पेट्यांमधलं अंतर टेपनं मोजलं आणि मान हलवत राहिले. तीन संध्याकाळी आम्ही तो एकच ससा ऐकला. त्यानं सोललेल्या शेंगांवर एखादं गाव जगलं असतं.

यात एक गंमत सांगतो. तुमच्या ताई दारातून म्हणाल्या, “अहो, आईच शिट्टी मारतेय.” आम्ही चौघं पोट धरून हसलो. ती फुरंगटली आणि तिनं आईंना फोन लावला. बराच वेळ बोलली, मुद्दाम ‘स’ असलेले प्रश्न विचारले, सासरची सगळी नावं वदवून घेतली. फोन ठेवून आली ती पडेल चेहऱ्यानं. “नाही हो, आई अगदी स्वच्छ बोलते. मी तिला तसं सांगितलंही.” म्हणजे पुराव्यानिशी सिद्ध झालं की दोष ट्वीटरचा. हिनं ‘स्वच्छ बोलतेस’ म्हटल्यावर आईंनी पलीकडून ते आणखी दोनदा वदवून घेतलं म्हणे. लेकीच्या कौतुकानं भरून आलं असेल.

ट्वीटरच्या कंपनीला मी कडक पत्र टाकलंय.

तुमचा थोरला साडू

११ जुलै

साडूभाऊ,

ताईंनी फोनवर खात्री करून घेतली म्हणजे विषयच संपला. फोनपेक्षा भरवशाचा पुरावा कोणता? ट्वीटरच चोर. मी सांगत नव्हतो, रेशमाचा घ्या? अजून वेळ गेलेली नाही. घ्या, आणि वरून एखादा हातरुमालही टाका.

परवा आईंनी मलाही एकदम विचारलं, “माझ्या बोलण्यात शिट्टी येते का हो?” मी त्यांचा जेवणाचा डबा पोचवायला गेलो होतो, हातात पिशव्या होत्या. म्हटलं, “छे! काहीतरीच काय?” त्या म्हणाल्या, “मग मला कशी ऐकू येते?” मी म्हटलं, वय झालं की कान वाजतात, थोडा कापूस घाला. त्यांनी माझ्याकडे वर्गातल्यासारखं पाहिलं. आता नियमानं कापूस घालतात. म्हणजे प्रश्न मिटला म्हणायचा.

दुकान जोरात आहे. काचेतला फोटो पाहून दोन डॉक्टरांनी नवं काम दिलं. “सासूबाईंना केलीत तशीच करा,” म्हणाले. आता तुम्हीच सांगा, माणसानं अशा वेळी काय बोलावं?

धाकटा साडू

२८ जुलै

प्रिय साडूभाऊ,

रेशमाचा आणला आणि एका पेटीत बसवला, दुसरीत धातूचाच ठेवलाय. तुमचं समाधान झालं असेल, माझं झालेलं नाही.

शिट्टी दबली, हे कबूल. पण आता आई दुलई पांघरून बोलताहेत असं वाटतं. पदराची सळसळ गेली. झांजा वाजतात त्या कुणीतरी शेजारच्या घरात वाटी पाडल्यासारख्या. औषधवाले म्हणतात हाच खरा आवाज, यात गोडवा आहे. गोडवा हवा असता तर मी साखर आणली नसती का? घड्याळजी आणि औषधवाले आता एकमेकांशी बोलत नाहीत. मंडळाची बैठक दोन खोल्यांत भरते, धातूवाले बैठकीच्या खोलीत आणि रेशीमवाले व्हरांड्यातल्या सोफ्यावर. चहा हीच करते, दोन्ही पक्षांना.

कंपनीचं उत्तर आलं. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. लिहितात, “आमचा ट्वीटर जे मिळेल तेच वाजवतो. कृपया मूळ आवाज तपासावा.” मूळ आवाज! ज्या बाईनं दोन पिढ्यांचे ‘स’ आणि ‘श’ सोडवून दिले, तिचा आवाज तपासायचा? मी उलट टपाली त्यांना शुद्धलेखनाच्या चुका काढून पाठवल्या.

एक काळजीची गोष्ट आहे. आईंनी ग्रंथालयाच्या चाचणीला जाणार नाही असं हिला कळवलंय. “ज्या बाईला स्वतःचं बोलणं नीट ऐकू येत नाही, तिनं दुसऱ्याला काय वाचून दाखवायचं?” असं म्हणाल्या. तुमच्या पत्रातली कान वाजण्याची गोष्ट मी हिला सांगितली, तेव्हापासून हिच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. आईंना चार दिवस इकडे बोलावलंय. येतील त्या आठवड्याभरात.

तुमचा थोरला साडू

३१ जुलै

साडूभाऊ,

घाईत लिहितो. आईंना त्या पेट्यांपुढे बसवू नका. प्रवासानं शिणलेल्या असतील. बसवायचंच झालं तर रेशमाच्या पेटीपुढे बसवा, गाणी लावा, ते ससा प्रकरण काढू नका. शिळं झालंय ते.

चाचणीला जात नाहीत हे मला तुमच्या पत्रातून कळलं. मी रोज डबा द्यायला जातो, दारात उभा राहतो, “बरं आहे ना?” विचारतो, त्या मान हलवतात. एकाच गल्लीत राहून मला पत्ता नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? काल रात्रीचं जेवण गेलं नाही. पण असं आहे, की फोटो काचेत आहे आणि डॉक्टर मंडळी रोज येतात. आई परत आल्या की मी काहीतरी निमित्त काढून कवळी ‘धुवायला’ मागून घेतो आणि गुपचूप… जाऊ द्या. सगळं पत्रात मावत नाही.

मात्र धातूच्या पेटीपुढे बसवू नका.

धाकटा साडू

९ ऑगस्ट

प्रिय साडूभाऊ,

तुमचं पत्र पोचायच्या आदल्या दिवशीच मी आईंना धातूच्या पेटीपुढे बसवलं होतं, आणि तुमचं न ऐकल्याचा मला अभिमान आहे. आज माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं पत्र मी लिहितोय, बसून वाचा.

आई आल्या तेव्हा दोन्ही कानांत कापूस. बोलणं खुणांनी. म्हटलं, चला, यांचं मन रमवू. त्यांना खुर्चीत बसवलं, कापूस काढायला लावला आणि अ‍ॅल्युमिनियमवर कार्ड सुरू केलं. मी आधीच माफी मागून ठेवली, “आई, या ट्वीटरमध्ये दोष आहे, शिट्टी येते, तिच्याकडे लक्ष देऊ नका.”

सुस्त ससा सावलीत बसला. आई ताठ झाल्या. म्हणाल्या, “परत लावा.” लावलं. “आणखी एकदा.” लावलं. मग हिचा हात धरून विचारलं, “तुलाही ऐकू येतेय? शिट्टी?” ही म्हणाली, “येतेय की.” मला विचारलं. म्हटलं, “येणारच, महिनाभर हेच ऐकतोय.” औषधवाले व्हरांड्यात होते, त्यांना आत बोलावून विचारलं. त्यांनाही येत होती. आणि साडूभाऊ, आईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! तोंडावर हसू आणि डोळ्यांत पाणी. कानसेन मंडळाच्या इतिहासात आजवर कुणाच्या पेटीनं कुणाला रडवलेलं नाही. घड्याळजींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पुढचं ऐका. त्या उठल्या, पेटीशेजारी उभ्या राहिल्या आणि तेच वाक्य स्वतः खणखणीत आवाजात म्हणाल्या. पेटी बंद, तार काढलेली, तरी शिट्टी! जागच्या जागी! ‘स’मागे ‘स’! ही माझ्याकडे बघायला लागली. औषधवाले माझ्याकडे बघायला लागले. सगळ्यांना एकाच क्षणी उलगडा झाला आणि मलाही झाला. पेटी नसतानाही शिट्टी येते, याचा अर्थ एकच. दोष खोलीत आहे!

भिंती उघड्या, फरशी गुळगुळीत, आवाज त्यांच्यावर आपटून शिट्टी मारतो. इतके दिवस बिचाऱ्या घुमटांना नावं ठेवली. उद्यापासून तिन्ही भिंतींना जाड पडदे लावतोय. हिला मी हे सांगितलं तर ती एकदा आईंकडे पाहून म्हणाली, “हो, लावा. खिडक्यांनाही लावा. निळे आणा.” तिला ध्वनिशास्त्रात रस येऊ लागलाय.

आई बऱ्या आहेत. जेवण मऊ मागतात आणि दिवसभर खोलीत काहीतरी लिहीत असतात.

तुमचा थोरला साडू

१० ऑगस्ट

चि. धाकट्या जावईबापूंस,

आशीर्वाद. लिहून कळवते, कारण तोंडात दात नाहीत. दात सोबतच्या डबीत आहेत. कापसात गुंडाळलेत. तुम्ही घालायला सांगितलेला कापूस बराच उरला होता.

हे पत्र धाकटीला दाखवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिला काही सांगितलेलं नाही.

थोरल्यांनी तुम्हाला लिहिलंच असेल की मी रडले. त्यांना वाटलं त्यांच्या पेटीमुळे, आणि ते खरंही आहे. पण मी दुःखानं रडले नाही. माझे कान शाबूत आहेत हे मला त्या दिवशी कळलं, म्हणून रडले. गेले दोन महिने मी काय काढलेत ते तुम्हाला कसं सांगू? मला माझ्या तोंडातून शिट्टी ऐकू यायची. तुम्हाला तोंडावर विचारलं, तुम्ही म्हणालात “छे.” थोरली फोनवर म्हणाली, “आई, किती स्वच्छ बोलतेस.” दोघंही माझी माणसं. दोघंही खोटं बोलत असतील असं मनात कसं येईल? मग उरले मीच. वाटलं, आता कान गेले, उद्या डोकं जाईल. रात्री दिवा लावून मी पुस्तक मोठ्यानं वाचायचे आणि शिट्टी आली की पुस्तक मिटून ठेवायचे. ग्रंथालयाला नाही कळवलं ते अशाच एका रात्रीच्या दुसऱ्या दिवशी.

थोरलीचा दोष नाही. तिला फोनवर ऐकूच आली नव्हती. तुम्हाला ऐकू आली होती. रोज डबा घेऊन यायचात आणि मी “बसा” म्हटलं की तुमची नजर जमिनीकडे जायची. तेव्हा मला वाटायचं, जावई लाजाळू आहेत. ‘बसा’मध्ये ‘स’ आहे हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

मी वर्गावर होते तेव्हा एखाद्या मुलाचा उच्चार चुकला की मुलं हसायची. हसणाऱ्याला मी फार रागावले नाही कधी. “बाई, मला नाही ऐकू आलं,” असं साळसूदपणे म्हणणाऱ्याला मात्र बाकावर उभं केलं. कारण हसणाऱ्यानं निदान ऐकलेलं असतं आणि चुकणाऱ्याला कळतं की काहीतरी चुकलं. तुम्हाला बाकावर उभं करायचं माझं वय राहिलं नाही, आणि तुमच्या वजनाला बाकही टिकायचा नाही.

त्या धातूच्या घुमटाला माझी भीड नव्हती. जे होतं ते त्यानं तोंडावर सांगितलं. जावयाकडून मी तेवढीच अपेक्षा करत होते.

थोरल्यांना अजून काही उमगलेलं नाही. ते शिडीवर चढून निळे पडदे लावताहेत. थोरलीनं मला डोळ्यांनी दटावलंय की पडदे पुरते लागेपर्यंत बोलायचं नाही, लग्न झाल्यापासून ती या पडद्यांसाठी मागे लागली होती म्हणे. तेव्हा मीही गप्प आहे. तोंडात दात नसताना गप्प राहणं तसं सोपं जातं.

आता कामाचं. पुढच्या दातांच्या मागे, टाळूकडे, जीभ टेकते तिथं जागा चिंचोळी राहिली आहे असं मला वाटतं. तुमच्या कामातलं तुम्हाला जास्त कळतं, पण जीभ माझी आहे. नीट करून ठेवा. दिसायला दात थोडे वाकडे झाले तरी चालतील. काचेतल्या फोटोचं काय करायचं ते तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही.

ग्रंथालयाला मी दुसरं पत्र टाकलंय की चाचणी महिनाभर पुढे ढकलता आली तर येते. त्यांचं हो आलं. तिथं वाचक वाट बघताहेत, वाचणारी माणसं कमी आहेत, असं लिहिलंय त्यांनी.

मी आले की आधी तुमच्या दुकानात येईन, कवळी घालेन आणि एक पान मोठ्यानं वाचेन. तुमची गिऱ्हाइकं असली तरी वाचेन. शिट्टी आली तर “आली” म्हणा. तुम्ही परत घासा, मी परत वाचेन. मला कंटाळा येणार नाही, तुम्हीही करू नका. जे ऐकणार आहेत त्यांना माझे दात कधीच दिसणार नाहीत. त्यांच्यापर्यंत माझा फक्त ‘स’ पोचणार आहे.

तुमची,
आई